कर्ता कुठे गेला?

पुण्यातल्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला समाजशास्त्र शिकवणाऱ्या सर्व सरांना आणि मॅडमना,

स. न. वि. वि.

तुमचे चेहरे मी ओळखत नाही, अक्षर ओळखतो. सदाशिव पेठेत, टिळक रस्त्यावरून आत वळलं की एका मेसच्या शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुमच्या नोट्स मशीनच्या काचेवरून इतक्या वेळा गेल्या आहेत की काही पानं मला तोंडपाठ झाली आहेत. ‘श’ला लांब शेपूट काढणाऱ्या एका मॅडमच्या नोट्स मी दहा-बारा वर्षं काढत होतो. मागच्या पावसाळ्यात एक बाई दुकानात छत्री विसरल्या. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी चिठ्ठीवर नाव आणि नंबर लिहून दिला, तेव्हा नावातल्या ‘श’वरून कळलं की त्या ह्याच. मी काही बोललो नाही. छत्री सापडली नव्हती, त्यात आणखी ओळख काढणं बरं दिसलं नसतं.

नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून कॉमर्सची आणि सायन्सची मुलंही दोन-चार क्रेडिटसाठी तुमच्या विषयाकडे वळू लागली आहेत. त्यांतला एक मुलगा काउंटरवर उभा राहून मित्राला सांगत होता, “सोपाय रे. सगळ्याला तेच. कारणे, परिणाम, उपाय.” त्या वाक्यावरून हे पत्र सुचलं.

मुलाचं काही चुकलं नव्हतं. दारिद्र्य, बेकारी, हुंडा, व्यसनाधीनता, भ्रष्टाचार, झोपडपट्टी, कशालाही तेच तीन मथळे. कारणे लिहायची असतील तर लोकसंख्यावाढ, निरक्षरता, शासनाची उदासीनता. उपाय विचारले तर जनजागृती, शिक्षणाचा प्रसार, कायद्याची कडक अंमलबजावणी. एकदा परीक्षेच्या आदल्या रात्री गर्दीत माझ्या हातून पिना मारताना घोटाळा झाला. हुंड्याच्या नोट्सचं शेवटचं पान व्यसनाधीनतेच्या गठ्ठ्याला लागलं आणि व्यसनाधीनतेचं हुंड्याला. चाळीसएक प्रती विकल्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी घाबरून बसलो होतो, की सकाळी मुलं भांडायला येणार. एकही आला नाही. वाचून, पाठ करून, पेपरात लिहूनही चाळिसांतल्या एकालाही कळलं नाही की उपाय बदलले आहेत. तपासणाऱ्यांनाही कळलं नसावं.

हसायला येतं, पण मला ते पूर्ण हसू येत नाही. कारण मीही त्याच बाकावर बसून हेच लिहिलेलं आहे.

मी १९९९ साली पहिल्या वर्षाला होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, ते चांगलं कॉलेज आहे आणि तिथल्या ग्रंथपालांनी मला बरंच काही दिलं. राहायला आम्ही दांडेकर पुलाच्या वस्तीत. वर्गात सरांनी एक वाक्य उतरवून घ्यायला सांगितलं : ‘झोपडपट्टी हे गुन्हेगारी, व्यसनाधीनता व अनारोग्य यांचे माहेरघर असते.’ सत्तर मुलांनी मान खाली घालून लिहिलं, मीही लिहिलं. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, कारण मी कुठे राहतो हे कोणाला ठाऊकच नव्हतं; मी पत्ता सांगताना ‘पर्वतीजवळ’ म्हणायचो. परीक्षेत तोच प्रश्न आला. माझ्याच घराची कारणे, परिणाम आणि उपाय मी शुद्ध अक्षरात लिहिले आणि पंधरापैकी अकरा गुण मिळवले. त्या विषयात मला मिळालेले ते सर्वांत जास्त गुण. आईला गुण सांगितले, प्रश्न कुठला होता ते सांगितलं नाही.

त्या सरांवर माझा राग नाही. त्यांनीही ते कुठून तरी उतरवून घेतलं होतं.

पण आज त्या वाक्याकडे बघताना मला दिसतं ते असं, की त्यात माणूसच नाही. झोपडपट्टी ‘असते’. ती कोणी बांधली, कोणाच्या जागेवर, का, कोणाला तिथल्या माणसांची पहाटे पाचपासून गरज लागते, हे काही नाही. माझा बाप ७२च्या दुष्काळात कर्जत तालुक्यातून पुण्याला आला. आमच्याकडे ‘७२ चा दुष्काळ’ एवढंच म्हणतात, त्यापुढे सांगावं लागत नाही. त्याआधी काही महिने त्याने दुष्काळी कामावर खडी फोडली आणि तिथे खायला वाटायचे ती सुकडी खाल्ली. मग नाना पेठेत भुसाराच्या दुकानांवर हमाली, पुढे मार्केट यार्डात. तुमच्या नोट्समध्ये स्थलांतराच्या कारणांत ‘शहराचे आकर्षण’ असं लिहिलेलं असतं. माझ्या बापाला शहराचं आकर्षण होतं ते शंभर किलोच्या पोत्याचं.

आता त्याच दुष्काळाची दुसरी बाजू बघा. खडी फोडणाऱ्या लाखो माणसांना काम द्यावं लागलं, त्यासाठी मोर्चे निघाले, आणि त्या रेट्यातून ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना महाराष्ट्रात उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती लावून धरली, १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ साली साऱ्या देशासाठी तसाच कायदा झाला. एवढी मोठी गोष्ट ह्याच मातीत घडली. तुमच्या अभ्यासक्रमात दुष्काळ ‘समस्या’ ह्या घटकात येतो आणि कायदा ‘परिवर्तनाचे घटक’ ह्या घटकात. मधे दोन महिने आणि दिवाळीची सुट्टी. खडी फोडणारा माणूस आणि तो कायदा यांचा एकमेकांशी संबंध आहे हे मुलाला कळायचं कसं?

माझी तक्रार खरं तर व्याकरणाची आहे. मराठीच्या तासाला आपल्याला प्रयोग शिकवतात. कर्तरी, कर्मणी, भावे. तुमच्या परिवर्तनाच्या घटकातली वाक्यं काढून बघा. ‘स्त्री-शिक्षणास चालना मिळाली.’ ‘अनिष्ट प्रथांना आळा बसला.’ ‘अस्पृश्यता नष्ट करण्यात आली.’ ‘आधुनिकीकरणामुळे दृष्टिकोनात बदल घडून आला.’ चालना मिळते, आळा बसतो, बदल घडून येतो, जसा पाऊस येतो. कर्ता कुठे गेला? आणि समस्येच्या घटकात बघा, तिथे कर्ता लगेच हजर असतो : झोपडपट्टीवासी घाण करतात, अशिक्षित पालक मुलींची लग्नं लवकर लावतात, मजूर दारू पितात. वाईटाला कर्ता आहे आणि चांगल्याला नाही. अठरा वर्षांचं पोर हे वर्षभर लिहितं, तेव्हा त्याच्या डोक्यात काय बसत असेल याचा विचार मी मशीनपाशी उभा राहून पुष्कळ केला आहे. दुसरं काम नसतं, मशीन स्वतःच चालतं.

चालना कोणी दिली ते दाखवायला पुण्याएवढं सोयीचं गाव नाही. दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडेवाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली. कोर्टातला वाद संपल्यावर, २०२३च्या डिसेंबरात एका रात्रीत तो मोडकळीला आलेला वाडा पाडला, आता तिथे स्मारक व्हायचं आहे. माझ्या दुकानातून गंज पेठेतला फुलेवाडा चालत अर्ध्या तासाच्या अंतरावर. तिथला पाण्याचा हौद १८६८ साली अस्पृश्यांना खुला झाला. पाहा, मीही लिहिलं, ‘खुला झाला’. सवय जात नाही. जोतीरावांनी खुला केला.

त्याच्याही आधी, १८६३ साली, त्या नवरा-बायकोने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मला एकच गोष्ट शिकवायला सांगितली, तर मी हीच घेईन. तोवर विधवेला दिवस जाणं हे पाप होतं आणि मूल मारणं हा गुन्हा. पापाला प्रायश्चित्त, गुन्ह्याला शिक्षा, विषय संपला. फुल्यांनी गावात पत्रकं लावली, की इथे या, गुपचूप सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा. म्हणजे काय केलं? जे एका बाईचं पाप होतं ते त्यांनी सगळ्या समाजाचं करून टाकलं. बाई बदलली नाही, मूल बदललं नाही, प्रश्न विचारायची दिशा बदलली. तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्याच १८९७ साली तिकडे फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांचा आत्महत्येवरचा अभ्यास छापून आला; माणूस जीव देतो ते अगदी खासगी वाटणारं कृत्यही समाजाशी कसं बांधलेलं असतं, हे त्यांनी आकड्यांवरून दाखवलं. तुमच्या नोट्समध्ये दुर्खीम साडेतीन पानं असतात. असू द्यात. साडेतीन पानांचे मला सात रुपये मिळतात. फक्त त्यांच्या शेजारी गंज पेठेला अर्धं पान द्या, एवढंच म्हणतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राईट मिल्स यांचंही तेच. त्यांनी १९५९ साली मांडलेला फरक, माणसाची वैयक्तिक अडचण आणि सगळ्यांचा सार्वजनिक प्रश्न, हा तुमच्या नोट्समध्ये चार ओळींत उरकलेला असतो आणि ‘टीपा लिहा’मध्ये येतो. त्यातलं उदाहरण किती सुरेख आहे! एक लाख वस्तीच्या गावात एकच माणूस बेकार असेल तर त्या माणसाचे गुण-दोष बघावे. पण पाच कोटी काम करणाऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर माणसं तपासून काय उपयोग, कामं कशी निघतात आणि कुठे जातात तेच तपासावं लागतं. हे शिकवायला न्यूयॉर्कला जायला नको. माझ्या दुकानापासून दोनशे पावलांत सहा अभ्यासिका आहेत. लातूर, बीड, धाराशिव, नंदुरबारहून आलेली पोरं. सकाळी पोहे, एक वेळची मेस, खोलीत पाच जण, आणि फॉर्मबरोबर जोडायला जातीचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमिलेअर, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. वय वाढत जातं तसतसे ती गावाकडचे फोन दुकानाच्या बाहेर जाऊन घेतात. प्रत्येकाला वाटतं आपणच कमी पडलो. चार मार्कांनी गेलं, पुढच्या वेळी होईल.

११ मार्च २०२१ला एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलल्याचं कळलं आणि ही पोरं शास्त्री रस्त्यावर येऊन बसली. हजारोंनी. तोवर एकमेकांची तोंडं बघून मान वळवणारी. मी शटर अर्धं ओढून बाहेर उभा होतो. एकटं बसून स्वतःला दोष देणारी माणसं रस्त्यावर एकमेकांशेजारी बसली की तीच अडचण कशी वेगळी दिसायला लागते, ते मिल्स चार ओळींत सांगतात आणि मी चार तास बघितलं. दुसऱ्या दिवशी २१ मार्च ही नवी तारीख जाहीर झाली. त्यातलीच दोघं-तिघं त्याच वर्षी बाहेरून बी. ए. करत होती. त्यांनी महिन्याभराने बेकारीच्या नोट्स काढून नेल्या. कारण क्रमांक एक : लोकसंख्यावाढ. कारण क्रमांक चार : तरुणांमधील जिद्दीचा अभाव. जिद्दीचा अभाव! पैसे घेताना मला लाज वाटली, पण घेतले.

कोणती गोष्ट ‘समस्या’ म्हणून मोजायची हे ठरवतं कोण, हाही प्रश्न पहिल्याच वर्षी विचारला पाहिजे. हर्बर्ट ब्लूमर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७१ साली हेच मांडलं होतं, की नुसतं काहीतरी वाईट चाललं आहे म्हणून ते सामाजिक समस्या ठरत नाही. समाजाने ते तसं मानावं लागतं. हे मी शिकत असताना वाचलं नव्हतं, नंतर दुकानात एम. ए.च्या एका मुलीच्या प्रबंधाची झेरॉक्स काढताना उभ्या उभ्या वाचलं. आणि मला दोन पूर आठवले.

१२ जुलै १९६१, पानशेत. ते मी पाहिलेलं नाही, पण पुण्यात राहून ते पाहिलं नाही असं म्हणताच येत नाही. पाणी कुठवर आलं होतं त्या खुणा अजून दाखवतात, म्हातारी माणसं वयं ‘पानशेतच्या आधी, पानशेतनंतर’ अशी सांगतात. पेठा बुडाल्या आणि पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या, शहराचा नकाशाच बदलला. दुसरा पूर २७ सप्टेंबर २०१८चा. त्या दिवशी पाऊस नव्हता. पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि भर दिवसा, लोक कामावर गेलेले असताना, पाणी दांडेकर पुलाच्या वस्तीत शिरलं. माझा भाऊ अजून तिथेच राहतो. त्याच्या घरातला गॅस सिलिंडर दोन गल्ल्या पलीकडे सापडला, पुतणीची दहावीची पुस्तकं सापडलीच नाहीत. कालवा का फुटला, तर उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी बिळं केली होती, असं तेव्हा सांगण्यात आलं. मला तुमच्या नोट्स आठवल्या. कारणे : खेकडे. परिणाम : सिलिंडर. उपाय : जनजागृती, बहुधा खेकड्यांमध्ये.

पहिला पूर इतिहासात गेला, दुसरा दोन दिवसांच्या बातमीत. दोन्ही वेळी फुटली ती माणसांनीच बांधलेली भिंत. फरक कशाने पडला? पाण्याची व्याप्ती हे एक कारण आहेच, मी कबूल करतो. पानशेत फार मोठं होतं. पण तेवढंच एक कारण आहे का? हा प्रश्न वर्गात टाका आणि तासभर गप्प बसा. शहरातल्या कुठल्याही परिसंवादापेक्षा चांगला तास होईल.

आता प्रकल्पांबद्दल. हे मी जरा आवाज चढवून लिहिणार आहे.

तुम्ही मुलांना ‘क्षेत्रीय कार्य’ देता. चांगला हेतू. नव्या धोरणात तर त्याला वेगळे क्रेडिट आहेत. पण पन्नास उत्तरदात्यांच्या प्रश्नावल्या कुठे भरल्या जातात ते तुम्हाला सांगू? माझ्या काउंटरवर. एका मुलाकडे चार रंगांची पेनं असतात, निळं, काळं, फिकं निळं आणि एक शाई संपत आलेलं, म्हणजे पन्नास वेगवेगळी माणसं वाटावीत. मी स्वतः कित्येक वेळा उत्तरदाता झालो आहे : वय ३५ ते ४५, शिक्षण पदवी अपूर्ण, हुंडा घेणे योग्य वाटते का, नाही. मागच्या वर्षीचा प्रकल्प, मुखपृष्ठ बदलून, ऋणनिर्देशातलं सरांचं नाव बदलून, हा तर माझा फेब्रुवारीचा धंदा. एकदा एकाने सरांचं नावही बदललं नव्हतं. तरी पास झाला.

आणि जी मुलं प्रामाणिकपणे जातात, ती कुठे जातात? वस्तीत. नेहमी वस्तीत. कोथरूडच्या सोसायटीत कामवाल्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट का आहे, त्यांचा चहाचा कप वेगळा का ठेवलेला असतो, ह्यावर आजवर एकही प्रकल्प माझ्या मशीनवरून गेलेला नाही. तुमच्याच कॉलेजातले संडास साफ करणारी माणसं कंत्राटावर आहेत का आणि त्यांना महिन्याची सुट्टी किती, ह्यावर नाही. ‘स्थळ बघताना जात विचारता का’ ही प्रश्नावली मुलांनी स्वतःच्या आत्या-मावश्यांना दिलेली मी पाहिली नाही. प्रश्न नेहमी दुसऱ्याच्या घरात असतो, आणि ते घर नेहमी दहा बाय दहाचं असतं.

माझ्याकडे वाया गेलेला कागद न्यायला एक मावशी येतात. कचरावेचक आहेत, तीस वर्षांहून जास्त काळ. दोन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या पाच मुली प्रश्नावली घेऊन दुकानात आल्या, त्यांना ‘कचरावेचक महिलांच्या समस्या’ हा विषय मिळाला होता. मावशी तेव्हा खाली बसून पांढरा कागद वेगळा आणि रंगीत वेगळा करत होत्या. पांढऱ्याला भाव जास्त. एका मुलीने विचारलं, “मावशी, तुमच्या समस्या काय आहेत?” मावशींनी वर बघितलं आणि म्हणाल्या, “आधी बाजूला सरक बाई, माझ्या पोत्यावर उभी राहिलीस.”

मुलगी ओशाळली, सरकली. मग प्रश्न सुरू झाले. शिक्षण? नाही. नवरा दारू पितो का? मेला. आजार कोणते? उत्पन्न किती? व्यसन आहे का, तंबाखू? अकरा प्रश्न, अकरा उणिवा. मावशींनी सगळ्यांची उत्तरं दिली, न रागावता, हात न थांबवता. बारावा प्रश्नच नव्हता. तो असता तर मावशींनी कमरेच्या पिशवीतून ओळखपत्र काढून दाखवलं असतं, जे मला त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्या पहिल्या मेळाव्याला त्या होत्या. तोवर पोलीस हटकायचे, चोर म्हणायचे. संघटनेने महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळवली. मग दोन हजारच्या दशकात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था झाली, आणि घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी महापालिकेने २००८ साली तिच्याशी करार केला. कचऱ्यातून वस्तू निवडणारी बाई म्हणजे शहराचं काम करणारी कामगार आहे, हे तिने स्वतः शहराकडून कबूल करून घेतलं. समस्या आणि परिवर्तन, तुमचे दोन्ही घटक, माझ्या दुकानात जमिनीवर बसून कागद निवडत होते, आणि मुली एकच घटक भरून निघून गेल्या.

त्यातली आणखी एक गंमत तुम्हाला, प्राध्यापक म्हणून, माहीत असायला हवी. ह्या कामाची सुरुवात झाली ती एका विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या उपक्रमातून. एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्राध्यापिका कचरा वेचणाऱ्या बायका-मुलींना शिकवायला गेल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की अक्षरओळखीआधी दुसरं काहीतरी हवं आहे. कॉलेजची माणसं वस्तीत जाऊन, प्रश्नावली बाजूला ठेवून, ऐकायला बसली तर काय होऊ शकतं याचा पुरावा इथेच आहे. तेव्हा मुलांना पाठवूच नका असं मी म्हणत नाही.

मुलींचा अहवाल मी बांधून दिला. स्पायरल, वर प्लास्टिक. निष्कर्षात लिहिलं होतं, ‘सदर महिलांमध्ये जागृतीचा अभाव आढळून आला.’

मी मावशींना ते वाचून दाखवलं नाही. वर एकदा आईबद्दल तसंच लिहिलं आहे, माझ्या आत्ता लक्षात आलं. हा माझाही भित्रेपणाच. पण तुम्ही एक करू शकता. प्रकल्पाचा निष्कर्ष ज्यांच्याबद्दल आहे त्यांना तो मुलाने मराठीत, समोर बसून वाचून दाखवावा आणि त्यांचं म्हणणं शेवटच्या पानावर लिहून आणावं. त्याशिवाय गुण देऊ नका. ‘जागृतीचा अभाव’ हे शब्द एका वर्षात नाहीसे होतील.

कायद्याचंही थोडं लिहितो, कारण ‘कायदा : परिवर्तनाचे साधन’ हा प्रश्न दर वर्षाआड येतो. ओंकारेश्वराजवळच्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव आहे, ज्यांनी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. त्या पुलावर २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं खेटे घालत होते, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. नोट्समध्ये हे असं येतं : ‘२०१३ मध्ये महाराष्ट्र शासनाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला.’ ह्या वाक्यात कर्ता आहे, नाही असं नाही. पण तो खरा आहे का, हे मुलांनी पुलावर उभं राहून ठरवावं.

आणि पर्वती. रोज सकाळी तुमची शेकडो मुलं पोलीस भरतीसाठी त्या पायऱ्या धावत चढतात. १९२९ साली त्याच पायऱ्यांवर, देवळात जायला मिळावं म्हणून, शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या दलित पुढाऱ्यांबरोबर एस. एम. जोशींसारखे तरुण सत्याग्रहाला उभे राहिले आणि त्यांच्यावर दगड आले. दगड ‘आले’ नाहीत, पुणेकरांनी मारले. धावणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत आहे, मी विचारून बघितलं आहे. एक मुलगा म्हणाला, “परीक्षेला येतं का?”

इथेच सगळं येऊन थांबतं. मी बावीस वर्षं बघतोय : जे परीक्षेला येत नाही त्याची झेरॉक्स निघत नाही, आणि ज्याची झेरॉक्स निघत नाही ते वाचलं जात नाही. तुम्ही वर्गात कितीही छान बोला. तुमच्यातले काही जण फार छान बोलतात, मुलं माझ्याकडे येऊन सांगतात, आणि मग ‘कारणे परिणाम उपाय’चा सेट मागतात. म्हणून विनंती वर्गाबद्दल कमी आणि प्रश्नपत्रिकेबद्दल जास्त आहे. ‘हुंड्याची कारणे लिहा’ऐवजी विचारा, की हुंडा ही समस्या आहे असं पहिल्यांदा कोणी म्हटलं आणि तेव्हा त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं. विचारा, तुमच्या घरात आजीच्या पिढीत चालत होतं आणि आता चालत नाही असं काय आहे, आणि ते बंद करताना घरात कोण भांडलं. विचारा, एक वाक्य देतो : ‘बालविवाहांस आळा बसला.’ हे वाक्य आळा घालणाऱ्या माणसाला कर्ता करून लिहा आणि तो कर्ता कसा शोधलात ते सांगा. दहा गुण.

अशा प्रश्नांना अपेक्षित प्रश्नसंच निघणार नाही, हे मला कळतं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल, तपासायला वेळ लागेल, आणि तुमच्यातले अर्धे जण तासिका तत्त्वावर आहेत, तीन कॉलेजांत धावतात, एका पेपरमागे मिळतात ते पैसे मला माहीत आहेत. तीही एक सामाजिक समस्याच आहे, आणि तुम्ही ती तुमच्या वर्गात कधी काढत नाही. काढा की. मिल्स शिकवण्याचा त्याहून जवळचा दाखला कुठला?

माझं नुकसान होईल, तेही सांगून टाकतो, नाहीतर पत्रात लबाडी राहील. समाजशास्त्राच्या सेटवर माझं एका सेमिस्टरचं भाडं निघतं. तसंही ते आता फार दिवस निघणार नाही. पोरं फोनवर पान स्कॅन करून ग्रुपवर टाकतात आणि माझ्याकडे फक्त आधारकार्डाची रंगीत प्रत काढायला येतात. ‘तंत्रज्ञान व सामाजिक परिवर्तन’, पाच गुण, उदाहरणासह. उदाहरण मी.

कोणी अशी प्रश्नपत्रिका काढलीच तर सरावासाठी पहिल्या शंभर प्रती मी फुकट देईन, पाठपोट. आणि मावशी मंगळवारी आणि शनिवारी अकराच्या सुमाराला येतात. वर्ग घेऊन यायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, मी त्यांना विचारून ठेवतो. हो म्हणाल्या तरच या. त्या दिवशी त्यांना दोन ठिकाणी माल पोचवायचा असतो, तेव्हा अर्ध्या तासाच्या वर धरू नका, आणि पोरांना सांगा, चपला बाहेर काढून आत या, खाली कागद पसरलेला असतो.

आपला,
मेसशेजारचा झेरॉक्सवाला
सदाशिव पेठ, पुणे ३०